पान चार, रकाना तीन

नागोरावमामांपुढे पेढ्यांचा बॉक्स धरला तर ते वरचा पेढा कधीच उचलायचे नाहीत. बोटं पार तळापर्यंत घालायची, खालचा एक काढायचा, मोडून बघायचा आणि मग म्हणायचं, "अभिनंदन बरं का." पोरगं पास झालेलं असो की कुणाचं बारसं असो. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना राग यायचा. आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून आम्ही बॉक्स आधीच उलटा करून पुढं करायचो.

मामा सेलूच्या कापूस बाजारात ग्रेडर होते. सगळी नोकरी त्यांनी एकच काम केलं. कापसाची गाडी लागली की बाही वर सारायची, हात कापसात कोपरापर्यंत घालायचा, मधला मूठभर कापूस ओढून काढायचा, चिमटीत धरून विंचरायचा, धागा डोळ्यांपुढं धरायचा आणि दर्जा सांगायचा. वरचा कापूस सगळेच चांगला लावतात हो. "वरचा थर मालक बोलतो," मामा म्हणायचे, "मधला थर कापूस बोलतो. आपल्याला कापसासंग बोलायचंय."

नोकरी सुटली, पण हात काही सुटला नाही. भाजीवालीच्या पाटीत हात, किराण्याच्या पोत्यात हात. मामी सांगायच्या, "मला बघायला आले तवा माझ्या वडलानं चहा दिला, तर ह्यांनी आधी बशी उलटी करून पाह्यली. म्या दाराआडून म्हणलं, आता मलाबी उलटी करून बघतंय का काय हे येडं!" मामा त्यावर शांतपणे म्हणायचे, "बशीला चीर होती. बोललो का मी कुणाला?"

हेच तर होतं मामांचं. चीर दिसायची, पण चारचौघांत बोलायचे नाहीत. त्यांच्या हिशेबी माणसं दोन प्रकारची, ओली आणि कोरडी. ओली म्हणजे पाणी मारून वजन वाढवलेली. बाजारात असा कापूस यायचाच. एकदा ऐन थंडीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, एकाची गाडी आली. मामांनी हात घातला, बाहेर काढला तर बाही ओली. मागं रांग उभी, व्यापारी टपलेले. मामांनी बाही खाली ओढली आणि त्या माणसाला विचारलं, "वाटंत पाऊस लागला का हो?" तो माणूस खाली बघत म्हणाला, "लागला थोडासा." मामा म्हणाले, "तिकडं शेडमागं ताडपत्री टाका, वाळवा अन् उद्या या. उद्या पाऊस न्हाई." रांगेत कुणालाच काही कळलं नाही. हे मला आमच्या वडिलांनी सांगितलं होतं, ते तिथं हजर होते. मामांच्या तोंडून हा किस्सा मी कधी ऐकला नाही.

असा हा माणूस संगणकापाशी कसा आला, तर आमच्यामुळं. माझा धाकटा भाऊ नितीन इंजिनियर होऊन पुण्यात नोकरीला लागला, तिथं करमेना म्हणून परत आला आणि स्टेशन रोडवर दोन खोल्यांत त्यानं सॉफ्टवेअर कंपनी काढली. नाव ठेवलं सरकी सिस्टिम्स. पुण्याचे मित्र विचारायचे, सरकी म्हणजे काय रे? तो सांगायचा, कापसातून रुई काढल्यावर जे उरतं ते, आणि सगळं बी त्याच्यातच असतं. काम जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांचं. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन, शेतकऱ्याचं नाव, गाठीचा नंबर सगळं आपोआप नोंदवायचं, म्हणजे गाठींची अदलाबदल होत नाही. पाच-सहा पोरं कामाला आणि लिहिण्या-बोलण्याच्या कामाला मी. माझं सासर गावातच, दोन गल्ल्या सोडून. माहेर मामांच्या भिंतीला भिंत लावून.

मामा एक अर्ज टाइप करून घ्यायला आले होते. बसल्या बसल्या मी त्यांना मराठीतला ऑनलाइन ज्ञानकोश दाखवला. कुणीही वाचावा आणि कुणीही लिहावा असा. त्यांनी कापसावरचा लेख वाचला आणि खुर्चीत ताठ झाले. "फरदडीबद्दल हे चूक लिव्हलंय." फरदड म्हणजे वेचणी संपल्यावर तीच झाडं राखून घेतलेलं पुढचं पीक. मी म्हणाले, "मग करा की दुरुस्त." मामांनी एका बोटानं अर्धा तास टाइप करून दोन ओळी घातल्या. दुसऱ्या दिवशी बघतात तर कुणीतरी त्या काढून टाकलेल्या आणि खाली तीन शब्द: कृपया संदर्भ द्या.

"मला? मला संदर्भ मागायलाय हा?" मामांचा आवाज खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला. "अख्खी जिंदगी कापसात हात घातला, अन् हा कोण कुठला मला दाखला मागायलाय!" चहा न घेता निघून गेले. मला वाटलं, संपलं प्रकरण. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "बरोबर हाय गं माय त्याचं. मी कोण, हे त्याला काय मालूम? बाजारात आपण तरी मालकाच्या तोंडाकडं बघून दर्जा देत होतो का?"

त्या दिवसापासून मामा ज्ञानकोशाचे झाले. 'ग्रेडर' या नावानं लिहायचे. रोज सकाळी वाचनालय, तिथं सगळी वर्तमानपत्रं, वहीत टिपणं, आणि अकराला आमच्याकडं खिडकीजवळचा संगणक. मलाही त्यांनीच शिकवलं. वर्तमानपत्राचा संदर्भ द्यायचा तर नाव, तारीख, पान एवढं सगळेच देतात. मामा रकानाही द्यायचे. पान दोन, रकाना पाच. मी म्हणायचे, "मामा, रकाना कुणी देत नाही." ते म्हणायचे, "वाचणाऱ्यानं काय पानभर हुडकत बसावं? जिथं बोट ठिवायचं तिथंच ठिवावं." मलाही तीच सवय लागली.

एकदा चारठाण्याच्या जुन्या मंदिरांवर लिहायचं होतं. मामा एसटीनं जिंतूरला आणि तिथून चारठाण्याला गेले, उन्हात फिरून एकेक खांब मोजला आणि मोठ्या उत्साहानं आकडा टाकला. तो आकडाही कुणीतरी काढला. स्वतः मोजलेलं चालत नाही म्हणे, छापलेलं पाहिजे. मी हसत सुटले. मामाही हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आता बघ की, मी मोजलेलं खरं हाय, पण चालत न्हाई. पुस्तकातलं चालतं, ते खरं आसंल न्हाई तर नसंल. नियम हाय पण. उद्या एखादा घरात बसून खांब मोजंल, मग?" हळूहळू त्यांचा शब्द तिथं चालायला लागला. एखादा लेख ठेवावा की काढावा अशी चर्चा निघाली की लोक विचारायचे, ग्रेडर काय म्हणतात?

आता माझ्या पापाकडं येते.

नितीन चौतीस वर्षांचा झाला आणि लग्न जमेना. मुलगा चांगला, शिकलेला, निर्व्यसनी. फोनवर बोलणं छान सुरू व्हायचं. मुलगा काय करतो? सॉफ्टवेअर कंपनी आहे. अरे वा, पुण्यात कुठं? पुण्यात नाही, सेलूला. तिथून पुढं समोरच्यांना अचानक कुणीतरी हाक मारायचं. एक बाई तर म्हणाल्या, "सेलूला सॉफ्टवेअर कंपनी? तिथं तर सरकी असते ना?" मी म्हणाले, "अहो, तेच नाव आहे आमच्या कंपनीचं!" त्यांना ती थट्टा वाटली. आईनं देवाला काय काय कबूल केलं होतं ते देवालाच ठाऊक.

अशात मानवतचं स्थळ आलं. मुलगी पल्लवी, शाळेत विज्ञान शिकवणारी. वडील भास्करराव, आडतीचे व्यापारी. फोटो बघून नितीन दोन दिवस घरात गुणगुणत होता, यावरूनच समजा. भास्करराव मला फोनवर म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण कंपनीचं नाव कधी ऐकलं न्हाई. इंटरनेटवर काही वाचायला मिळंल का?" मी म्हणाले, "मिळेल की! ज्ञानकोशात लेखच आहे." तोंडातून निघून गेलं. लेख-बिख काही नव्हता.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी बसून मी तो लिहिला. माझ्या नेहमीच्या नावानं नाही, आमच्या नदीवरून नवं नाव घेतलं, 'दुधनाकाठ'. पहिलंच वाक्य, "सरकी सिस्टिम्स ही मराठवाड्यातील एक अग्रगण्य सॉफ्टवेअर कंपनी आहे." खाली नेहमीच्या सवयीनं पाच संदर्भ जोडले. झकास दिसत होता लेख. मी बायोडेटात त्याची लिंक टाकून मानवतला पाठवून दिली आणि निवांत झाले.

आठवडा झाला नाही तोच कोल्हापूरकडच्या कुणा संपादकानं लेखाच्या डोक्यावर चौकट चिकटवली. या कंपनीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, लेख काढावा का यावर सात दिवस चर्चा. खाली मला थेट प्रश्न, "आपला या कंपनीशी काही संबंध आहे का?" मी लिहिलं, "नाही." एकच शब्द. आज हे लिहितानाही कान गरम झाले.

मामांनी ते आमच्याच ऑफिसात, माझ्या शेजारी बसून वाचलं. "अगं माय, तुमच्या कंपनीवर कुणीतरी लेख लिव्हलाय की! दुधनाकाठ म्हणून हाय कुणी. कोण आसंल गं?"

"काय की मामा," मी म्हणाले. आणखी एक खोटं, आणि तेही तोंडावर.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अग्रगण्य लिव्हलंय. अग्रगण्य म्हंजे कुणी गणलं?" मी चहा सांगायच्या निमित्तानं उठले.

नितीनला लेख मीच लिहिलाय हे माहीत होतं आणि बायोडेटातली लिंकही. तो मामांच्या मागंच लागला. "मामा, तुमचं वजन आहे तिथं. फक्त 'ठेवावा' एवढं लिहा. मानवतचे लोक तो लेख वाचायलेत. आता निघाला तर आपण खोटे ठरू. जमत आलेलं मोडंल."

"बघतो," मामा म्हणाले.

"बघतो काय मामा! तुमच्यासमोर वाढलो मी."

"म्हणूनच बघतो म्हणलं. दुसऱ्या कुणाचा आसता तर वाचून सोडून दिलं आसतं."

आणि मामांनी हात घातला, कोपरापर्यंत. पाचही संदर्भ काढून बसले. पहिला होता एका दैनिकाच्या पुरवणीतला अर्धं पान मजकूर. "हा तर वाढदिवस हाय नितीनचा! खाली बघ, शुभेच्छुक मित्रमंडळ. मित्रांनी छापून आणलेलं हे." दुसरा आणि तिसरा दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतले. मामांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 'प्रनाली'. दोन्हीकडं न नळाचा. "दोन बातमीदारांनी एकाच दिवशी एकच चूक केली व्हय? तुमीच लिहून पाठिवलेलं हाय हे." ती चूक माझीच होती. चौथ्यात कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलची नुसती यादी. पाचव्यात जिनिंगवर छान मोठा लेख होता, पण आमचं नाव एका ओळीत आणि तेही 'इत्यादी'च्या आधी.

"उल्लेख हाय," मामा म्हणाले, "उल्लेखनीय न्हाई. आपल्याबद्दल आपण सोडून दुसऱ्यानं, कुणी न सांगता, दोन-तीन ठिकाणी नीट लिव्हलेलं पाह्यजे. तसं एकबी न्हाई माय."

त्यानंतर तीन दिवस मामा आलेच नाहीत. मामींना विचारलं तर म्हणाल्या, "कुठं जायलेत काय की. पहिल्या एसटीनं जातेत, संध्याकाळी धूळ घेऊन येतेत." माझं आपलं एकच. रोज उठून मानवतचा फोन येतोय का बघायचं आणि चर्चेचं पान उघडून बघायचं. एकदा वाटलं जावं आणि सांगून टाकावं, मामा, मीच ती. त्यांच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. मामींनी विचारलं, काय गं? मी कोथिंबीर मागून परत आले.

सहाव्या दिवशी मामांचं मत आलं. ते मला अजून पाठ आहे.

"काढावा. पाचही संदर्भ तपासले, एकही स्वतंत्र आणि सविस्तर नाही. कंपनी उल्लेखनीय नाही. मात्र कंपनी खोटी आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. सेलू, मानवत आणि जिंतूर येथील जिनिंगमध्ये मी स्वतः जाऊन काट्यावर उभा राहिलो. यंत्रणा चालते. लोकांना विचारले, गाठींची अदलाबदल थांबली असे त्यांनी सांगितले. बिघाड झाला तर मालक पोरगा स्वतः येतो, असेही सांगितले. हे माझे स्वतःचे पाहणे आहे, त्यामुळे लेखात चालणार नाही, म्हणून फक्त येथे लिहितो. तसेच या घराशी माझा तीस वर्षांचा शेजार आहे, हे जाहीर करतो. माझे मत त्या मानाने कमी धरावे. – ग्रेडर"

शेजार जाहीर करतो. तो माणूस नुसता शेजारी होता आणि त्यानं जाहीर केलं. मी सख्खी बहीण आणि मी लिहिलं होतं, नाही.

दुसऱ्या दिवशी लेख गेला. नितीन हेडफोन घालून कामाला लागला, पण हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती. आई मात्र बोलली. "तीस वर्षं वाटीची देवाणघेवाण केली त्याचं हे फळ! परक्या माणसानं केलं आसतं तर एक." आणि तिनं मामींची वाटी रिकामी परत पाठवली. आमच्याकडं शेजारची वाटी रिकामी परत जात नाही. काही नाही तर चमचाभर साखर घालतात. मामींनी ती रिकामी वाटी हातात घेतली, आत बघितलं आणि घरात नेली. ती वाटी नेऊन देणारी मीच होते, आणि खरं तर आमच्या घरची सगळ्यात ओली बाई मीच.

चार दिवसांनी भास्कररावांचा फोन आला. मी फोन उचलायच्या आधी पदराला हात पुसले, जसा काही फोनला घाम दिसणार होता.

"ताई, तो लेख गेला की हो."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"पल्लवी रोज उघडून बघत होती. चार दिवसांमागं बघती तर पान न्हाई, नुसतं लिव्हलेलं, चर्चेनंतर काढलं. तिनं मग ती चर्चाच वाचली सगळी. मलाबी वाचून दाखिवली, दोनदा. हे ग्रेडर कोण हायत?"

"शेजारी आहेत आमचे."

"त्यांना भेटता येईल का? आमी रविवारी यायलोत."

रविवारी ते आले. भास्करराव, त्यांच्या पत्नी आणि पल्लवी. आईनं मला मामांकडं पिटाळलं, "ये म्हणावं बाबा, हात जोडते." मामा आले ते पांढरा शर्ट घालून, बाहीची बटणं लावून. पोहे झाले, चहा झाला. पल्लवी नितीनशी कमी आणि मामांकडं बघूनच जास्त बोलत होती. शेवटी तिनं बशी खाली ठेवली आणि थेट विचारलं, "काका, तुमी कंपनीचं लिव्हलं. मुलाचं काय? मुलगा उल्लेखनीय हाय का?"

आईनं डोळे मिटले. मामांनी नितीनकडं नीट बघितलं, आणि मी मनात म्हणाले, मामा, आता तरी एकदा वरचा पेढा उचला.

"न्हाई," मामा म्हणाले. "उल्लेखनीय न्हाई. पण कोरडा हाय."

पल्लवीच्या आईचा चेहरा उतरला. कोरडा म्हणजे रुक्ष, माया नसलेला, असंच कुणालाही वाटेल. पण भास्करराव आडतीचे व्यापारी. ते मांडीवर थाप मारून असे हसले की पोह्याची बशी कलंडली. "अगं, कोरडा म्हंजे पाणी न मारलेला! ह्याच्यापरीस मोठा दाखला बाजारात न्हाई!" मग पल्लवी हसली, आणि ती हसली तेव्हा नितीनच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं. मला तर इतकं हलकं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच रडून घेतलं. देवा, सुटलो.

त्या संध्याकाळी आईनं मामींची दुसरी एक वाटी शोधून काढली, त्यात पेढे भरले आणि स्वतः नेऊन दिली. मामांनी खालचा पेढा काढला, मोडला आणि म्हणाले, "अभिनंदन बरं का." आई म्हणाली, "भाऊ, चुकलं माझं." मामा म्हणाले, "काय चुकलं? साखर बरोबर हाय."

लग्न उन्हाळ्यात झालं. पल्लवी सेलूला आली आणि पहिल्या आठवड्यातच तिनं कंपनीच्या जाहिरातीतलं 'अग्रगण्य' खोडून टाकलं. सगळं गोड झालं, पण माझ्या आत तो एक शब्द तसाच होता. नाही. मामा रोज येत, शेजारी बसत, मी रोज आज सांगू म्हणायचे आणि रोज चहा सांगायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं, "ते दुधनाकाठ पुन्हा दिसलंच न्हाई गं तिकडं." मी म्हणाले, "हं." ते म्हणाले, "यायला पाह्यजे त्यानं. लिहितो चांगला." मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, पण तिथं काही वाचता आलं नाही.

मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. जिना चढवेना. नांदेडला मुलगी होती, ती म्हणाली, इकडं या, आता मी बघते. कापसाचा हंगाम ऐन भरात होता तेव्हा मामा-मामी निघाले. नितीन आणि पल्लवी गावाला गेले होते, म्हणून स्टेशनवर मीच गेले. मामा बाकावर बसून मालधक्क्यावरच्या गाठी बघत होते. मी म्हणाले, "मामा, एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "गाडी आली बघ." आणि खरंच गाडी आली.

सामान चढवलं, मामींना चढवलं, मामांना हात दिला. ते खिडकीशी बसले आणि शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "घरी जाऊन वाच." पण मी काय ऐकणारी होते? गाडी हलायच्या आत घडी उलगडली. वर्तमानपत्राचं कात्रण. जिनिंगच्या हंगामावर संभाजीनगरच्या कुणा बातमीदारानं लिहिलेलं, आम्हाला न विचारता, न सांगता. तो काट्यावर उभा राहून आमचं सॉफ्टवेअर बघून गेला होता आणि अर्धा रकाना त्यावरच लिहिलं होतं. उन्हात पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत, अशी तक्रारसुद्धा होती. कडेला मामांचं ते गोल, सरकारी अक्षर.

"दुधनाकाठ यांस. पान चार, रकाना तीन. यात दोषही दिला आहे, म्हणजे कुणी लिहवून घेतलेला नाही. हा कोरडा आहे. असे अजून दोन आणा, मग लेख मी स्वतः लिहितो. आणि रकाना देत जा, पण दुसऱ्या नावाने लिहायचे तर देऊ नये. सगळ्या ज्ञानकोशात रकाना देणारे आपण दोघेच आहोत."

गाडी सुटली होती. मी कागद हातात धरून तिच्या बरोबरीनं चालायला लागले, हसत आणि रडत, काय ते माझं मलाच कळेना. पहिल्या दिवसापासून माहीत होतं या माणसाला! वाटेत पाऊस लागला का, एवढंसुद्धा न विचारता त्यानं मला वाळायला टाकलं होतं. "मामा!" मी ओरडले. "मामा, मीच होते!"

"मालूम हाय!" आतून आवाज आला.

मामा नांदेडहून परत आले नाहीत. त्याच वर्षी, हंगाम संपता संपता, झोपेतच गेले. मला मात्र ते दिसतात ते त्या खिडकीत. गाडी सिग्नलपाशी वळेपर्यंत त्यांचा हात बाहेर होता, बाही सारलेला, कोपरापर्यंत, आणि दोन बोटं वर केलेली. अजून दोन.